छापलेला कान, बरगडीतला कान

वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

"मॅडम, आम्ही सातारा जिल्ह्यातले. माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, यंदा पहिलीत गेला. त्याचा उजवा कान जन्मापासून बनलेलाच नाही. भुईमुगाच्या शेंगेएवढा एक उंचवटा आणि खाली जराशी पाळी, एवढंच आहे, भोकही नाही. बारशाला सोनाराने एकच कान टोचला तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन रडले होते. सासूबाई अजून म्हणतात, मी ग्रहणात भाजी चिरली म्हणून असं झालं. मागच्या महिन्यात आम्ही शहरातल्या एका खासगी क्लिनिकमध्ये गेलो. त्यांनी त्याच्या चांगल्या कानाचं स्कॅनिंग केलं आणि आठ दिवसांनी हुबेहूब तसाच उजवा कान थ्रीडी प्रिंटरवर छापून आमच्या हातात दिला. 'असाच कान बसवू, लहानपणीच केलेलं बरं' म्हणाले. महिनाअखेरपर्यंत ५० हजार भरले तर पॅकेजमध्ये सवलत आहे. ह्यांनी मोबाईलवर अमेरिकेतल्या छापलेल्या कानाची बातमी पाहिली, त्यामुळे ते म्हणतात भरून टाकू. मुलगा तो प्लास्टिकचा कान कंपासपेटीत घालून शाळेत नेतो आणि 'हा माझा नवीन कान' म्हणून सगळ्यांना दाखवतो. शाळेत काही मुलं त्याला 'कानतुट्या' म्हणतात. पैसे भरावेत का? उशीर केला तर संधी जाईल का?"

— एक आई

ताई,

पैसे भरू नका. हे आधी सांगून टाकते, कारण महिनाअखेर जवळ आली असेल. संधी कुठेही जात नाही. सहाव्या वर्षी कान केला नाही म्हणून दहाव्या वर्षी करता येत नाही, असं अजिबात नसतं. उलट आपल्याकडे बहुतेक अनुभवी सर्जन स्वतःच थांबायला सांगतात. का, ते पुढे लिहिते.

त्याआधी ग्रहणाचं. तुमच्या मुलाला जे आहे त्याला मायक्रोशिया म्हणतात. पोटातल्या बाळाचा बाहेरचा कान सहा छोट्या उंचवट्यांपासून तयार होतो आणि ते उंचवटे गर्भाच्या साधारण सहाव्या आठवड्यात दिसू लागतात. त्या वेळी कित्येक बायकांना दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते. ते उंचवटे नीट वाढून एकमेकांत मिसळले नाहीत की कान अर्धवट राहतो. बहुतेक मुलांमध्ये त्याचं नेमकं कारण सापडत नाही. विळीचा, भाजीचा, चंद्रसूर्याचा त्यात काडीचाही संबंध नाही. माझ्या ओपीडीत आलेल्या किती आयांनी हीच ग्रहणाची गोष्ट मान खाली घालून सांगितली आहे, त्याची मोजदाद नाही. प्रत्येकीला मी जे सांगत आले तेच तुम्हालाही सांगते: तुमच्या हातून काहीही चुकलेलं नाही. सासूबाईंना हा परिच्छेद वाचून दाखवा. त्यांचाही नातू आहे तो. त्यांनाही कुणीतरी कारण सांगायला हवं होतं, आणि लहानपणापासून ऐकलेलं तेवढंच त्यांच्याजवळ होतं.

आता तो कंपासपेटीतला कान.

तुम्हाला जे हातात दिलं तो कान नाही, तो कानाचा साचा आहे. डाव्या कानाचं चित्र घेऊन ते आरशातल्यासारखं उलटं केलं आणि छापलं. हे काम चांगलंच आहे, मी त्याला नावं ठेवत नाही. मी शिकत होते तेव्हा आम्ही हेच काम जुन्या एक्स-रे फिल्मवर करायचो. चांगल्या कानावर फिल्म धरायची, आतल्या वळ्या रेघांनी उतरवून घ्यायच्या, फिल्म उलटी करायची आणि कात्रीने कापायची. फिल्म सपाट असते, त्यामुळे कानाची खोली, कडेचं वळण, डोक्यापासूनचं अंतर हे सगळं सर्जनच्या नजरेवर सोडावं लागे. छापलेल्या साच्यात ते सगळं बोटांना लागतं. काही ठिकाणी साचा सुट्या भागांत छापतात: तळाचा भाग वेगळा, कडेची गोलाई वेगळी, आतली वळी वेगळी, म्हणजे प्रत्येक तुकडा बाजूला ठेवून तसाच कोरता येतो.

साचा ही आपल्याकडे काही नवी गोष्ट नाही. टिपूशी झालेल्या लढाईत कावसजी नावाचा इंग्रजांच्या फौजेतला मराठी बैलवाला कैद झाला आणि त्याचं नाक कापलं गेलं. त्याला पुण्याजवळ कपाळाच्या कातडीचं नवं नाक बसवलं. ही हकिगत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या एका मासिकात छापून आली आणि युरोपातल्या सर्जननी ती डोळे विस्फारून वाचली. त्यात पहिली कृती काय होती? मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. आधी साचा, मग सुरी. पण कावसजीला मेणाचं नाक कुणी बसवलं नाही. नाक त्याच्याच कपाळाचं होतं.

तुमच्या मुलाचा कानही असाच त्याच्याच शरीरातून येईल, बरगडीतून. सहाव्या, सातव्या, आठव्या बरगडीचा पुढचा भाग हाडाचा नसतो, कूर्चेचा, म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक भागाचा असतो. कानही कूर्चेचाच असतो. ही कूर्चा छातीतून काढायची, साच्याप्रमाणे कोरायची, बारीक तारेने एकमेकींना शिवून कानाचा सांगाडा बनवायचा आणि तो कानाच्या जागी कातडीखाली ठेवायचा. जपानचे नागाता यांच्या पद्धतीत साधारण दहा वर्षं वय आणि छातीच्या खालच्या टोकाशी ६० सेंटिमीटर घेर होईपर्यंत थांबतात, म्हणजे सांगाड्याला पुरेल एवढी कूर्चा मिळते. अमेरिकेचे ब्रेंट सहाव्या वर्षापासून करत. दोन्ही पद्धतींत एका शस्त्रक्रियेने भागत नाही. नागाता पद्धतीत दोन टप्पे असतात. पहिल्यानंतर साधारण सहा महिन्यांनी कान डोक्यापासून उचलून मागे आधार देतात. ब्रेंटच्या पद्धतीत तीन-चार टप्पे.

ही शस्त्रक्रिया जवळून पाहिलेली नसेल तर तिची कल्पना येत नाही, म्हणून सांगते. लहान मुलाची कूर्चा मोत्यासारखी पांढरी असते आणि सुरीला ओल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी लागते. उतारवयात तीच चुन्यासारखी ठिसूळ होत जाते. टेबलावर एका हाताशी साचा, दुसऱ्या हाताशी मिठाच्या पाण्यात भिजलेले कूर्चेचे तुकडे. कोरायचं, साच्याशी धरून बघायचं, पुन्हा थोडं कोरायचं. दीड-दोन तास खाली मान घालून हेच चालतं. मग सांगाडा कातडीच्या खिशात सरकवतात. त्या क्षणी तिथे नुसता फुगवटा दिसतो, कान दिसत नाही. टाके झाले की आत ठेवलेल्या बारीक नळीने हवा ओढतात. कातडी हळूहळू खाली बसते, सांगाड्याला चिकटते आणि एकेक वळी वर येते. आधी कडेची गोलाई, मग आतली वळी, मग मधला खळगा. इतक्या वर्षांनंतरही त्या वेळी थिएटरमध्ये कुणी बोलत नाही.

असा कान जिवंत असतो. त्याला रक्त पोचतं, खरचटलं तर भरून येतो, मुलगा कबड्डी खेळतो. या पद्धतीची दुसरी बाजूही लपवत नाही. छातीवर व्रण राहतो, पहिले काही दिवस श्वास घेताना, खोकताना दुखतं, क्वचित फुप्फुसाच्या आवरणाला इजा होते, कधी छातीचा तो भाग थोडा खोलगट दिसतो. कातडीचा एखादा भाग काळा पडून आतली कूर्चा उघडी पडू शकते. आणि सगळं व्यवस्थित झालं तरी तो कान डाव्याची तंतोतंत नक्कल नसेल. साचा कितीही अचूक असला तरी वरून कातडीची जाडी चढते. शिवाय काही मुलांची त्या बाजूची जबड्याची आणि गालाची वाढही कमी असते. तिथे नुसतं उलटं केलेलं माप चेहऱ्यावर बसत नाही. कान कुठे, किती वर, किती तिरपा, हे सर्जनलाच डोळ्यांनी ठरवावं लागतं.

आता क्लिनिकवाले "असाच बसवू" म्हणाले, त्याचा अर्थ काय? हे मला तुमच्या पत्रावरून कळत नाही, आणि तुम्हालाही सांगितलेलं दिसत नाही. म्हणून त्यांना एकच प्रश्न विचारा: छापलेली वस्तू मुलाच्या शरीरात राहणार आहे, की फक्त टेबलावर?

फक्त टेबलावर असेल तर तो साचा आहे. मग एवढ्या घाईचं कारण नाही, कारण साचा शस्त्रक्रियेच्या आधी महिनाभर छापला तरी चालतो. आज छापून चार वर्षं ठेवण्यात अर्थ नाही, तोवर डावा कानही वाढलेला असेल. मोठ्या पॅकेजमध्ये छपाईच्या साहित्याचा खर्च किरकोळ असतो हेही ध्यानात ठेवा. शरीरात राहणार असेल तर कोणत्या पदार्थाची आहे, कुणाच्या परवान्याने बनली आहे आणि निर्जंतुक कशी करणार, हे लेखी मागा. निर्जंतुक करण्याचं मी मुद्दाम लिहिते. एकदा आमच्याच थिएटरमध्ये नवा छापलेला साचा सवयीने ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात गेला. स्वस्त प्लास्टिक होतं, त्या वाफेत ते तग धरेना. ट्रेमध्ये साचा बाहेर आला तो पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वाकलेला. मुलगी टेबलावर झोपलेली होती. आम्ही कपाटातून जुनी एक्स-रे फिल्म काढली आणि कान पूर्ण केला. कान चांगला झाला, पण त्या वाकलेल्या तुकड्याकडे बघताना पोटात जो गोळा आला तो अजून आठवतो. तोच तुकडा शरीरात राहणारा असता तर?

शरीरात राहणारा तयार सांगाडाही असतो, हे मी मान्य करते. सच्छिद्र पॉलिइथिलीनचा, म्हणजे एका प्लास्टिकचा सांगाडा घालून, त्यावर डोक्याच्या कातडीखालचा पातळ पडदा वळवून कान करण्याची पद्धत अमेरिकेचे राइनिश यांनी रूढ केली. ती तीन-चार वर्षांच्या मुलातही करता येते, बरगडीला हात लावावा लागत नाही, आणि बहुतेक वेळा एकाच शस्त्रक्रियेत मुख्य काम होतं. ज्यांचा हात त्यात बसला आहे त्यांचे कान सुंदर होतात. पण ती वस्तू परकीच राहते. जोरदार मार लागला तर मोडू शकते, वरची कातडी विरली तर उघडी पडते, जंतू शिरले तर काढावी लागू शकते, आणि ही काळजी पुढची सत्तर वर्षं मुलाने घ्यायची असते. तुमच्याजवळचे सर्जन ही पद्धत सुचवत असतील तर त्यांनी स्वतः केलेल्या मुलांचे फोटो मागा. शस्त्रक्रियेच्या दिवशीचे नकोत, एक वर्षानंतरचे आणि पाच वर्षांनंतरचे हवेत. आणि कान उघडा पडला तर पुढे काय करता, असं थेट विचारा. ज्याने पुष्कळ केले आहेत त्याला या प्रश्नाचा राग येत नाही. सोनारानेच कान टोचावेत असं आपण म्हणतो ना, ते इथे अक्षरशः खरं आहे. कानाची कामं नेहमी करणारा सर्जन शोधा, प्रिंटर कुणाकडे आहे ते बघू नका.

तुमच्या यजमानांनी पाहिलेली बातमी खोटी नाही. जून २०२२ मध्ये थ्रीडीबायो नावाच्या अमेरिकन कंपनीने जाहीर केलं की २० वर्षांच्या एका मुलीला तिच्याच पेशींपासून छापलेला कान बसवला आहे. तिलाही मायक्रोशियाच होता. पण ती चाचणी होती, आणि चाचणीचा आराखडाच मुळी ११ जणांचा. त्याआधी २०१८ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी पाच मुलांचा अनुभव छापला: मुलाच्या अर्धवट कानातल्या कूर्चेच्या पेशी काढायच्या, छापलेल्या साच्यावरून बनवलेल्या, विरघळणाऱ्या सांगाड्यावर वाढवायच्या, आणि तो सांगाडा बसवायचा. ज्याला सर्वांत आधी कान बसवला त्या मुलावर त्या वेळी अडीच वर्षं नजर ठेवून झाली होती. उंदराच्या पाठीवर वाढवलेल्या कानाचं चित्र आठवतं का? ते १९९७ चं. म्हणजे हे काम माझ्या अर्ध्या आयुष्यापासून चालू आहे, मला त्याबद्दल मनापासून आस्था आहे, आणि कदाचित तुमच्या मुलाच्या तरुणपणी ते साध्य झालेलं असेल. पण आज कुणी पॅकेज लावून ते विकत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

मुलांसाठी छापलेल्या वस्तूचं माझ्या मते सर्वांत शहाणपणाचं उदाहरण कानाचं नाहीच, श्वासनलिकेचं आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डॉ. ग्लेन ग्रीन आणि इंजिनियर स्कॉट हॉलिस्टर यांनी एका तान्ह्या बाळाच्या सतत मिटणाऱ्या श्वासनळीला बाहेरून छापलेला आधार शिवला. त्या बाळाचा श्वास वारंवार बंद पडत होता. आधार पूर्ण गोल नव्हता, एका बाजूने उघडा होता, म्हणजे नळी वाढेल तसा तो फाकेल. आणि पदार्थ असा निवडला की तीनेक वर्षांत शरीरात विरघळून जाईल. तोवर नळी स्वतःच घट्ट झालेली असेल. मुलाच्या शरीरात काही ठेवायचं तर ते त्याच्याबरोबर वाढायला हवं, नाहीतर काम संपवून निघून जायला हवं. मोठ्या माणसाच्या कवटीत टायटॅनियमची पट्टी बसवताना हा विचार करावा लागत नाही. मुलात पहिला विचार तोच. आणि तिथे जीव वाचवायचा होता म्हणून घाई होती; तुमच्या मुलाच्या बाबतीत ती नाही.

मग तोवर काय करायचं? पुष्कळ आहे, आणि त्यातलं बरंचसं कानाच्या आकारापेक्षा महत्त्वाचं आहे.

तुमच्या पत्रात ऐकण्याबद्दल एक अक्षरही नाही, आणि त्याचीच मला जास्त काळजी वाटते. त्याची श्रवणचाचणी झाली आहे का? झाली नसेल तर या आठवड्यात करा. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं केंद्र असतं, शाळेत येणाऱ्या तपासणी पथकाकडूनही चिठ्ठी मिळते. बहुतेक मायक्रोशियाच्या मुलांचा आतला कान शाबूत असतो, कारण तो वेगळ्या ठिकाणाहून तयार होतो; अडथळा बाहेरच्या वाटेत आणि मधल्या कानात असतो. त्यामुळे हाडातून आवाज पोचवणारं यंत्र कपाळपट्टीसारख्या पट्ट्यावर लावून त्या बाजूनेही ऐकू येऊ शकतं, त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. तेच यंत्र पुढे हाडात बसवायचं ठरलं तर त्याची जागा कान करणाऱ्या सर्जनला विचारूनच ठरवा. चुकीच्या जागी छेद गेला तर नंतर कानाला लागणारी कातडी आणि तो पातळ पडदा हातचा जातो.

शाळेत त्याला फळ्याकडे तोंड करून उजव्या हाताच्या भिंतीशी, पुढच्या एक-दोन बाकांवर बसवायला सांगा, म्हणजे चांगला डावा कान बाईंकडे आणि वर्गाकडे राहील. एका कानाने आवाज कुठून आला ते नीट कळत नाही. हॉर्न ऐकून तो भलत्याच बाजूला बघेल. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे मान वळवून बघायची सवय आत्तापासून लावा. आणि डाव्या कानाला जपा: त्यात कोमट तेल नको, काडी नको, तो वाहू लागला तर त्याच दिवशी कानाचे डॉक्टर. बालरोगतज्ज्ञांना मूत्रपिंडाच्या सोनोग्राफीबद्दलही एकदा विचारा. कानाबरोबर काही मुलांत तिथेही दोष असतो.

उजव्या बाजूचा तो शेंगेएवढा उंचवटा कुणालाही काढू देऊ नका. 'बारीकसं काम आहे, साफ करून टाकू' म्हणणारे भेटतात. त्या जागेची न कापलेली कातडी म्हणजे पुढच्या कानाचं भांडवल आहे, आणि पाळीही कामाला येते. ती टोचूही नका.

सरकारी योजनेत शस्त्रक्रिया बसते का, ते मोठ्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला वेळ आली की विचारा. त्याआधी वर्षा-दोन वर्षांनी एकदा प्लास्टिक सर्जनला दाखवत राहा. दहाव्या वर्षी मुलाला स्वतःला विचारा. काही मुलं म्हणतात, "मला नको, मी असाच बरा आहे", आणि तेही ठीक असतं.

'कानतुट्या'बद्दल बाईंशी बोला, पण मुलाच्या तोंडीही एक उत्तर द्या. "हा माझा छोटा कान आहे, जन्मापासूनच असा आहे, दुखत नाही." घरात तुम्ही सगळ्यांनी त्याला छोटा कानच म्हणा. केस वाढवून झाकू नका. झाकलेलं काय आहे ते बघायला मुलं जास्त येतात.

आणि कंपासपेटीतला तो कान त्याच्याकडून काढून घेऊ नका. त्याला एवढंच सांगा की हे माप आहे, घर बांधण्याआधी कागदावर काढतात तसं. खरा कान अजून तयार होतोय. "कुठे?" असं तो विचारेलच. मग त्याचा हात धरा आणि त्याच्याच छातीच्या खालच्या बरगड्यांवर ठेवा.